दोष कुणाच्या पदरात?

संगणकाचा माऊस नीट चालेनासा झाला की बहुतेक ठिकाणी एकच निकाल ऐकू येतो, "माऊस गेला, नवा आणा." दोन-तीनशे रुपयांची वस्तू, तिच्यासाठी कोण डोके शिणवणार? प्रश्न अगदी क्षुल्लक वाटतो. पण वस्तू लहान असली म्हणजे तिच्याशी वागण्यातला प्रश्नही लहान असतोच असे नाही. बिघाड दिसला की आपण आधी कारण शोधतो की आधी आरोपी ठरवतो, हा पहिला प्रश्न. आणि वस्तू बदलून टाकल्यावर तिच्यातला दोष नाहीसा होतो की गुपचूप दुसऱ्या कुणाच्या पदरात जाऊन पडतो, हा त्याला लागून आलेला दुसरा. या दोन्ही प्रश्नांचा विचार मुसलमान म्हणून आणि या मातीतली माणसे म्हणून आपण केला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

पूर्वीचा उस्मानाबाद आणि आताचा धाराशिव हा काही मोठमोठ्या कंपन्यांचा जिल्हा नव्हे. २०१८ साली केंद्र सरकारने देशातले मागे राहिलेले जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्याबरोबर आमचेही नाव होते. तरीही संगणक इथे घरोघर नसला तरी गावोगाव पोचला आहे. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे तालुक्याच्या गावांतून संगणकवर्गांच्या पाट्या लागल्या. आज सातबाऱ्याचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती, पीकविमा, एवढेच काय हजचा अर्जसुद्धा संगणकावरूनच भरला जातो. सेवा केंद्रात खुर्चीवर बसलेला पोरगा माऊसच्या डाव्या बटणाने कितीतरी कुटुंबांचे कागद पुढे सरकवत असतो. ते बटण एकदा दाबले असता दोनदा दाबल्यासारखे वागू लागले, तर नको तो रकाना उघडतो, भरलेली माहिती पुसली जाते, आणि रांगेतल्या म्हाताऱ्या चाचांना उत्तर मिळते, "उद्या या." त्या 'उद्या'ची किंमत एका दिवसाच्या मजुरीइतकी असते. तेव्हा या छोट्या वस्तूचा विचार करण्यात वेळ वाया जातो, असे कुणी समजू नये.

माऊस ही वस्तू तशी फार जुनी नाही. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला नमुना बनवला, तो लाकडी होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को इथे एंगेलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. ज्यांनी २००० सालच्या सुमारास संगणक शिकला त्यांना पोटात रबरी गोळी असलेला माऊस आठवत असेल. टेबलावरची धूळ गोळीबरोबर आत जाई, आतल्या रुळांवर तिचा काळा थर बसे आणि पडद्यावरचा बाण अडखळू लागे. जाणकार शिक्षक खालची चकती फिरवून गोळी काढत, नखाने तो थर खरवडत, आणि माऊस पुन्हा पळू लागे. पुढे गोळी गेली, तिच्या जागी प्रकाश आला. आजच्या माऊसच्या पोटाखाली एक दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक छायाचित्रे घेतो आणि त्यांची तुलना करून हात कुठे सरकला हे ठरवतो.

आता हा माऊस बिघडला असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय बिघडलेले असते? टेबलावर काच असली किंवा चकचकीत सनमायका असला तर कॅमेऱ्याला धरायला खूणच सापडत नाही आणि बाण उड्या मारतो. माऊस निर्दोष असतो. खाली एक साधा कागद ठेवला की काम होते. कधी वायर आतून तुटलेली असते, आणि ती बहुधा माऊसच्या तोंडाशीच तुटते, कारण तिथेच ती रोज वाकते. कधी संगणकाचे यूएसबीचे भोक ढिले झालेले असते. पिन दुसऱ्या भोकात लावली की माऊस जिवंत होतो. बिनवायरचा असेल तर सेल उतरलेला असतो. कधी संगणकाच्या सेटिंगमध्ये दोन क्लिकमधला वेळ फार कमी ठेवलेला असतो. आणि कधी खरोखरच बटणाखालच्या छोट्या स्विचमधली धातूची पत्ती थकलेली असते. मग एका दाबण्याला दोन क्लिक होतात. सांगायचे एवढेच, की तक्रार जवळजवळ सारखी दिसते आणि कारणे पाच-सहा असतात. त्यांतली निम्मी माऊसच्या बाहेरची असतात.

मग खरे कारण कसे ओळखायचे? रीत अगदी सोपी आहे. हा माऊस दुसऱ्या संगणकाला लावून पाहायचा, आणि दुसरा चांगला माऊस या संगणकाला लावून पाहायचा. दोन्ही ठिकाणची साक्ष एकाच बाजूला गेली, तरच निकाल द्यायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माऊस, भोक आणि टेबल तिन्ही एकदम बदलले, तर काम सुरू होईल, पण दोष कुणाचा होता हे कधीच कळणार नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा त्याच अंधारात चाचपडावे लागेल.

ही रीत आपल्याला ओळखीची वाटायला हवी. एका साक्षीवर निकाल देऊ नये, दोन साक्षीदार असावेत, ही गोष्ट आपण व्यवहाराच्या बाबतीत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जे खात्रीने माहीत आहे ते केवळ शंकेमुळे रद्द होत नाही, हा फिकहचा पायाभूत नियम आहे. वजू केल्याची खात्री असेल आणि तो मोडल्याची नुसती शंका असेल, तर वजू कायम धरतात. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी तिची शहानिशा करण्याची ताकीद आहे, आणि तिचे कारणही तिथेच दिले आहे: अजाणतेपणी कुणाचे नुकसान होऊ नये आणि मागाहून पस्तावण्याची पाळी येऊ नये. आपण हे सारे इबादतीच्या आणि अदालतीच्या कप्प्यात ठेवून दिले आहे. रोजच्या कामाच्या टेबलावर मात्र पहिल्या संशयालाच निकाल मानतो.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातल्या मोठ्या दुष्काळाची हकिकत अनेकांनी वाचली असेल. इ. स. ६३९ च्या आसपासची ती गोष्ट. उपासमारीच्या त्या वर्षी त्यांनी चोरीची ठरलेली शिक्षा थांबवली, असे सांगितले जाते. चोरी झाली होती, हात माणसाचाच होता. पण त्यांनी हाताकडे पाहण्याआधी पोटाकडे आणि जमिनीकडे पाहिले. बिघाड जिथे दिसतो तिथेच तो जन्मलेला असतो असे नाही, हे त्यांना कळले होते. बाण उड्या मारतो तो पडद्यावर. कारण टेबलाच्या काचेत असते.

आमच्या भागाने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे आपल्याच घरांच्या भिंतींखाली गाडली गेली. त्यानंतर लोकांच्या मनात दगडाची भीती बसली. दगडाचे घर नको, सिमेंटचेच पाहिजे, असे जो तो म्हणू लागला. ज्यांची माणसे गेली त्यांना बोल लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्यांनी दगडच कोसळताना पाहिला होता. पण अभियंत्यांनी पडलेल्या आणि उभ्या राहिलेल्या घरांची पाहणी केली, तेव्हा कारणे वेगळी निघाली. भिंती जाड होत्या, पण आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. मध्ये नुसती माती आणि दगडांचा चुरा. वर मातीचे माळवद, आणि गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे थरावर थर टाकून ते अधिकच जड झालेले. आतला लाकडी सांगाडा जिथे मजबूत होता तिथे भिंती पडूनही छत खांबांवर तग धरून राहिल्याचे आढळले. दोष दगडाच्या जातीत नव्हता. जोडणीत होता, आणि डोक्यावरच्या ओझ्यात होता.

बदलायचे की दुरुस्त करायचे, हा प्रश्न तेव्हा अख्ख्या गावांपुढे उभा राहिला. त्याचे उत्तरही सरसकट एक दिले गेले नाही. बावन्न गावे नव्या जागी नव्याने वसवली गेली, कारण तिथे दुरुस्त करण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्याहून कितीतरी अधिक गावांत मात्र घरे दुरुस्त करून मजबूत करण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. भिंतींत आरपार दगड बसवणे, माळवदाचे ओझे कमी करणे, वरून पट्टा बांधणे, असे ते उपाय होते. नव्याने वसलेल्या गावांत घरे सुरक्षित झाली, पण सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांनी जुने वाडे, अंगणे आणि शेजार मोडला, अशी खंतही पुढे वर्षानुवर्षे व्यक्त होत राहिली. बदलण्याची किंमत पैशांपुरती नसते, हे आमच्या जिल्ह्याइतके कुणाला ठाऊक असणार?

हे मोठे उदाहरण झाले. आता पुन्हा माऊसकडे येऊ, कारण तिथे घडणारा अन्याय इतका लहान असतो की तो कुणाच्या नजरेसच येत नाही. एखाद्या संगणकवर्गात चाळिशीची एक बाई पहिल्यांदा येते. घरात कुणी संगणक पाहिलेला नाही. तिच्या वाट्याला कोपऱ्यातला जुना संगणक येतो, आणि त्याच्या माऊसचे बटण दोनदा वाजते. ती दाबते एक, होते भलतेच. शेजारची मुलगी सफाईने पुढे जाते. ही बाई "माऊस खराब आहे" असे कधीच म्हणत नाही. ती म्हणते, "माझाच हात जड आहे. मला नाही जमायचं हे." दोन दिवसांनी ती यायची बंद होते. माऊसमधला दोष तिने आपल्या पदरात घेतलेला असतो आणि तो ती आयुष्यभर बाळगते. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, तेव्हाही हेच होते. दगड-विटा उचलून, भांडी घासून झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला ओळखता येत नाहीत, आणि आपण म्हणतो, "आजी, तुमचा अंगठाच लागत नाही." यंत्राला ओळखता येत नाही, असे कुणी म्हणत नाही.

पहिल्या पिढीने शिकणाऱ्या माणसाचा स्वतःवर विश्वास मुळातच कमी असतो. आपल्या समाजात अशी माणसे, विशेषतः मुली आणि स्त्रिया, फार आहेत. काही बिघडले की दोष आपल्यातच असणार, अशी त्यांना सवय लागलेली असते. म्हणून माऊस तपासणे हे तिथे केवळ यंत्राचे काम राहत नाही. "थांबा ताई, आधी माऊस बदलून बघू," या एका वाक्याने एका माणसावरचा खोटा आरोप दूर होतो. शिक्षकाने हे वाक्य उच्चारले नाही, तर बाकीचा अभ्यासक्रम कितीही उत्तम असो, त्या बाईच्या दृष्टीने तो वर्ग तिथेच संपला.

दोष सरकवण्याच्या वाटा आणखीही आहेत. आपल्याच हातून माऊस पडला, चहा सांडला, आणि तो पुसून दुकानदाराकडे नेला, "वॉरंटीत आहे, बदलून द्या." शरीयतने ग्राहकाला सदोष माल परत करण्याचा अधिकार दिला आहे, देशाच्या ग्राहक कायद्यानेही दिला आहे. पण तो माल विकताना त्यात असलेल्या दोषासाठी आहे. आपल्या ताब्यात आल्यावर आपण केलेल्या नुकसानीसाठी नाही. दुकानदाराच्या बाजूनेही तेच. पैगंबर (स.) यांनी बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घालून पाहिला, आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तर ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याला आपल्यातून वेगळे काढले. परत आलेला माऊस नव्या खोक्यात घालून पुन्हा विकणारा, किंवा न उघडताच "बोर्ड गेला" म्हणून चांगला भाग बदलणारा, त्या ओल्या धान्याचाच व्यापार करतो.

तिसरी वाट सर्वांत साळसूद दिसते. कार्यालयातले जुने संगणक बदलले की खराब माऊस आणि की-बोर्डसकट ते एखाद्या शाळेला किंवा मदरशाला 'दान' म्हणून दिले जातात. छायाचित्र निघते, हार घातले जातात. सूरह बकरामध्ये स्पष्ट बजावले आहे, की जी वस्तू तुम्ही स्वतः डोळे मिटल्याशिवाय स्वीकारणार नाही ती वेचून दानात देऊ नका. न तपासता दिलेला माऊस शेवटी त्या कोपऱ्यातल्या बाईच्याच हातात जातो. दान द्यावे, जुनेही द्यावे; पण आधी लावून, तपासून, दुरुस्त करून द्यावे.

आणि चौथी वाट भंगाराची. फेकलेला माऊस कुठेही नाहीसा होत नाही. तो भंगारवाल्याकडे जातो. आपल्यातलीच कितीतरी कुटुंबे त्या धंद्यावर पोट भरतात. वायरीतले तांबे काढण्यासाठी तिचे प्लॅस्टिक उघड्यावर जाळले जाते आणि त्याचा विषारी धूर सर्वांत आधी शेजारी खेळणाऱ्या मुलांच्या छातीत शिरतो. देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू झाले, १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले. नियम चांगले आहेत, पण आपल्या घरातला माऊस अधिकृत केंद्रात जातो की जळत्या ढिगात, हे शेवटी आपल्या हातात असते.

इथे एक आक्षेप येणार. "दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी दोन तास घालवायचे, हा वेळेचा इसराफ नाही का?" आक्षेप रास्त आहे. दुरुस्तीचा हट्ट हाही एक अतिरेक होऊ शकतो. थकलेला स्विच बदलायला कारागिराची मजुरी माऊसच्या किमतीएवढी होत असेल, रांगेत माणसे ताटकळत असतील, तर नवा माऊस लावावा. त्यात कसलाही गुन्हा नाही. आमचे म्हणणे तपासणीबद्दल आहे, आणि तपासणीला दोन तास लागत नाहीत. दुसऱ्या भोकात लावून पाहणे, खाली कागद ठेवणे, दुसरा माऊस जोडणे, एवढ्याला पाच मिनिटे पुरतात. तपासून बदलणे आणि न तपासता बदलणे, दोन्हींत खर्च तेवढाच होतो. पण पहिल्यात आपल्याला कारण कळते, आणि दुसऱ्यात नवा माऊसही काही दिवसांनी त्याच काचेवर उड्या मारू लागतो.

शेवटी दुरुस्त करणाऱ्या हातांबद्दल. कल्हईवाला, शिकलगार, पिंजारी, रफूगार... आपल्या समाजातल्या या जमातींचे पिढीजात धंदे पाहिले तर ते मुख्यतः दुरुस्तीचे आहेत. पिंजारी गादीतला दबलेला कापूस पुन्हा फुलवत असे, शिकलगार बोथट सुरीला धार लावत असे, कल्हईवाल्यामुळे पितळेचे भांडे पुन्हा चुलीवर चढत असे. आज त्यांचीच नातवंडे बसस्टँडजवळच्या टपरीत भिंग लावून मोबाइल उघडून बसलेली दिसतात. आपण त्यांना 'मिस्त्री' म्हणतो आणि मुलीच्या स्थळासाठी मात्र बाबू शोधतो. पैगंबर (स.) स्वतःच्या चपला स्वतः शिवत, कपड्याला ठिगळ लावत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. आपण मीलादच्या व्याख्यानात हे मोठ्या प्रेमाने ऐकतो, आणि बाहेर पडल्यावर ठिगळ लावणाऱ्याला खालचा समजतो. बिघडलेल्या वस्तूकडे पाहून "हिच्यात नेमके काय चुकले?" असे शांतपणे विचारणे ही एक विद्या आहे. ती या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे.

प्रत्येक संगणकवर्गात, सेवा केंद्रात आणि मदरशात एक तपासलेला, चांगला माऊस फक्त साक्षीसाठी बाजूला ठेवावा, एवढीच सूचना आम्ही करू. कुणी "माझा हातच जड आहे" असे म्हटले की तो आधी लावून पाहावा. दोष माऊसचा निघाला तर माऊस बदलावा, टेबलाचा निघाला तर टेबल. आणि दोन्ही निर्दोष निघाले, तर त्या माणसाजवळ बसून त्याला पुन्हा एकदा नीट शिकवावे.